बुडायची मुभा

माझा छापखाना बंद पडला २०१८ च्या दिवाळीत. मी तो बंद केला २०२० च्या ऑगस्टमध्ये. मधले एकवीस महिने मी रोज सकाळी साडेनऊला शटर वर केलं, उदबत्ती लावली, ऑफसेट मशीनवरची धूळ फडक्यानं पुसली आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो. सोलापूरच्या नवी पेठेतून येणारे-जाणारे हात करायचे, मीही करायचो. कुणी विचारलं, "काय, कसं काय?" तर उत्तर ठरलेलं, "चाललंय की." लाईटबिल भिशीतून उचललेल्या पैशांतून भरत होतो, हे फक्त मला आणि भिशी चालवणाऱ्याला ठाऊक होतं. बायकोलाही ठाऊक होतं, हे नंतर कळलं.

धंदा कसा मेला ते थोडक्यात सांगतो, त्यात फार नाट्य नाही. सोलापुरात लग्नपत्रिका तीन भाषांत छापाव्या लागतात. शहराच्या पूर्व भागातलं लग्न असलं तर तेलुगू, अक्कलकोटकडचं असलं तर बऱ्याचदा कानडी, बाकी मराठी, आणि सोयरीक दोन भाषांत जुळलेली असली तर एकाच पत्रिकेत दोन्ही. तिन्ही भाषांतलं प्रूफ बिनचूक तपासणारी माणसं माझ्याकडे होती, ही माझी मिजास. मग पत्रिका मोबाईलवरून जायला लागली. देवापुढे ठेवायला आणि घरच्या मानाच्या माणसांना द्यायला पन्नास छापल्या की भागायचं. बिलबुकं आणि पावतीपुस्तकं हा बारमाही आधार होता, तो जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर कॉम्प्युटरच्या बिलांनी खाल्ला. फ्लेक्सचं मशीन घ्यायला पैसे नव्हते. आणि खरं सांगायचं तर गल्लीतल्या दादाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापायची हौसही नव्हती. ती असती तर कदाचित हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मुद्दा त्या एकवीस महिन्यांचा आहे. शटर खाली दिसलं की लोक विचारतात, एवढ्या एका कारणासाठी मी ते वर ठेवलं. जागेचं भाडं चालू राहिलं, हाताखालच्या पोराचा पगार चालू राहिला, व्यापाऱ्याकडून कागद येत राहिला, कारण कागद मागवणं थांबवलं असतं तर बाजारात लगेच समजलं असतं. सगळं संपल्यावर वही काढून बसलो तेव्हा दिसलं की एकूण देण्यातला निम्म्याच्या आसपास भाग या एकवीस महिन्यांतला आहे. धंदा बुडाल्याची जेवढी किंमत मोजली, जवळपास तेवढीच तो बुडालेला नाही असं दाखवण्यासाठी मोजली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे हल्ली कानावर पडणारा एक उपदेश. अपयशाला घाबरू नका, त्याला कवटाळा, त्यातच तुमचं स्वातंत्र्य आहे. शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगला, बँकांच्या उद्योजक मेळाव्यांत, कुणाकुणाच्या जयंतीला असे वक्ते येतात. बोलतात छान. पण आजवर मी ऐकलेला प्रत्येक वक्ता शेवटी यशस्वी झालेला होता. तीनदा आपटला आणि चौथ्यांदा कंपनी काढली. तीनदा आपटून चौथ्यांदाही आपटला आणि आता अमुक दुकानात हिशेब लिहितो, अशा माणसाला कुणी व्यासपीठावर बोलावलेलं मी पाहिलेलं नाही. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' या वाक्यात हीच गोम आहे. पायरीवर कुणी संसार मांडत नाही, तिथून वर जायचंच असतं. म्हणजे अपयश चालेल, पण पुढे यश मिळवून ते व्याजासकट फेडण्याच्या बोलीवर. ज्याला वरची पायरी सापडलीच नाही, त्यानं काय करायचं? माझ्या ओळखीतली बहुतेक माणसं त्याच पायरीवर आहेत आणि त्यांतली बरीचशी भली आहेत.

मी शटर कसं खाली ओढलं? धैर्य गोळा करून नव्हे. कोविड आला. लग्नं पन्नास माणसांत व्हायला लागली, पत्रिकेचा प्रश्नच मिटला, बाजारपेठ महिनोन्‌महिने अर्धीमुर्धी चालू राहिली. ऑगस्टमध्ये मी जागामालकाला किल्ली दिली आणि भेटेल त्याला सांगितलं, "बंद केला." कुणीही 'का?' म्हणून विचारलं नाही. ओळीतल्या आणखी तिघांनी त्याच सुमारास आवरतं घेतलं. त्यांतल्या निदान दोघांचं माझ्यासारखंच फार आधी संपलं होतं, हे आम्ही एकमेकांना नंतर चहा पिताना सांगितलं. त्या रोगानं या शहरातली किती माणसं नेली ते मी विसरलेलो नाही, म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण आम्हा काही जणांना त्या काळानं अब्रूनिशी बुडायची संधी दिली, हेही खरं. सगळेच बुडत होते, म्हणून लोकलाज काही महिने रजेवर होती.

किल्ली दिली त्या दिवशी दुपारी दोनला मी घरी जेवलो. रविवार सोडून असं वीस-बावीस वर्षांत झालं नव्हतं. भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी. जेवून झोपलो तो संध्याकाळी सहाला उठलो. अपयशातून मिळणारं स्वातंत्र्य म्हणतात ते मला असं भेटलं. त्यात नवी स्वप्नं वगैरे काही नव्हतं. 'चाललंय की' म्हणायचं ओझं उतरलं होतं.

तेव्हा वक्त्यांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. माणूस हरल्यावर मोकळा होतो, हे मी अनुभवलं आहे. माझी तक्रार एवढीच की हे मोकळं होणं ते मनाच्या मशागतीवर सोडून देतात. मन घट्ट करा, दृष्टी बदला. माझं मन २०१८ मध्येही तेच होतं आणि २०२० मध्येही तेच. बदलली ती भोवतालची परिस्थिती: हरलो असं बोलण्याची किंमत अचानक उतरली. ही किंमत उतरवायला दर वेळी महामारीच यावी लागावी का, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर व्याख्यानांत कमी, कायद्याच्या आणि रीतीरिवाजांच्या तपशिलात जास्त आहे.

मराठी माणसाला या विषयावर पहिले आठवतात ते तुकोबा. दुष्काळात दुकान बुडालं, बायको-मुलगा गेले, चारचौघांत मान गेला. आणि दिवाळं निघालं ते बरंच झालं, असं त्यांनी देवालाच सुनावलं. कीर्तनात हा अभंग रंगतो, पण बहुधा एकट्या तुकोबांच्या वैराग्याची गोष्ट म्हणून. परंपरेनं सांगितलेली दुसरी गोष्ट त्याला जोडून सांगायला हवी. घराण्याची सावकारी होती. लोकांकडून येणं असलेली खतं, म्हणजे कर्जाचे कागद, तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. सगळी नव्हे. निम्मी धाकट्या भावाच्या वाट्याची होती, ती त्याला देऊन स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडवली. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. स्वतः मोकळं होताना त्यांनी आपल्या ऋणकोंनाही मोकळं केलं, आणि तेही भावाच्या पैशावर उदार न होता. त्या दिवशी पंचक्रोशीतल्या किती घरांत माझ्यासारखं दुपारी दोनला जेवून कुणी निवांत झोपलं असेल, याची नोंद कुठे नाही.

पुढे साधारण अडीचशे वर्षांनी याच मुलखात खतं पुन्हा नष्ट झाली, या वेळी आगीत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारावर गेले आणि त्यांची मुख्य मागणी होती ती खतांची. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' केला. तो सुरुवातीला लागू झाला चार जिल्ह्यांना: पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर. पैशाच्या वसुलीसाठी कोर्टानं दिलेल्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकता येणार नाही, असं त्या कायद्यानं ठरवलं. न्यायाधीशानं खतावरचा आकडा डोळे झाकून मान्य न करता व्यवहाराचा मागचा इतिहास तपासावा, मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं करावं, अशीही सोय केली. परक्या सरकारनं, दंग्याच्या भीतीनं का होईना, सोलापूरच्या शेतकऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट मान्य केली होती. फेडता न येणं हा गुन्हा नाही.

आता आजचं बघा. माझा एक शाळासोबती वकील आहे. छापखाना आवरल्यावर त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, "नादारीचा अर्ज का नाही केलास बे तेव्हाच?" मला वाटलं, चेष्टा करतोय. नादार हा शब्द मी तोवर फक्त शिवीसारखा ऐकला होता. मग त्यानं कायदा समजावला. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आजही जिवंत आहे. पाचशे रुपयांचं देणं असलं तरी माणूस न्यायालयात जाऊन 'माझ्यानं फेडणं होत नाही' असं सांगू शकतो. न्यायालय त्याची मालमत्ता ताब्यात घेतं, देणेकऱ्यांत वाटतं, आणि सगळं रीतसर झालं तर त्याला उरलेल्या देण्यातून मुक्त करतं. मुक्त होईपर्यंत त्याला म्हणायचं 'अविमुक्त नादार'. हा शब्द आपल्या संविधानातही आहे. खासदार कोण होऊ शकत नाही, याची यादी अनुच्छेद १०२ मध्ये दिली आहे. तिथे मनाचा तोल गेल्याचं न्यायालयानं ठरवलेला माणूस आणि अविमुक्त नादार शेजारी-शेजारी बसवले आहेत.

शब्दावर मी जरा रेंगाळतो, छापखान्याची सवय. अविमुक्त. अजून न सुटलेला. म्हणजे कायदा स्वतःच म्हणतो की या अवस्थेला शेवट आहे, त्यानंतर माणूस विमुक्त होतो. हरण्याला तारीख आहे. मला जर कुणी २०१८ मध्ये सांगितलं असतं की या गोष्टीला कागदोपत्री शेवट असतो, तर मी एकवीस महिने उदबत्ती लावत बसलो नसतो.

पण शंभर वर्षांचा हा कायदा वापरतं कोण? प्रक्रिया लांबलचक, वकिलाची फी वेगळी, आणि गल्लीत नाव नादार. २०१६ मध्ये संसदेनं नवी दिवाळखोरी संहिता केली, तिच्यात व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग लिहिला. त्यातली एक तरतूद मला जवळजवळ सोलापूरसाठीच लिहिल्यासारखी वाटते. ज्याचं वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, देणं ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशानं अर्ज करावा, तपासणी होऊन त्याचं देणं माफ व्हावं आणि त्यानं नव्यानं सुरुवात करावी. आमच्या शहरात बिड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत जाऊन बसा. मायक्रोफायनान्सवाल्याच्या हप्त्याचा वार प्रत्येकीला पाठ असतो. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, दुसरीचा भरायला तिसरीचं. रक्कम विचाराल तर वीस हजार, तीस हजार. गटातल्या एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात येतात, म्हणजे वसुलीचं काम शेजारणींनाच लावलेलं. तिला मोकळं करणारं कलम छापलेलं आहे. मात्र संहितेचा व्यक्तींसाठीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. बिडीवालीसाठीचं कलम पुस्तकातच राहिलं.

कंपन्यांचं वेगळं असतं, हे मी घरातच पाहिलं आहे. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली, मग एकामागून एक निघत गेल्या आणि भोंग्यांवर शहराची घड्याळं लागली. माझे वडील एका मिलमध्ये विणकाम खात्यात होते. नव्वदच्या दशकात ती बंद पडली. पुढे कित्येक महिने ते सकाळच्या पाळीच्या वेळी घरातून निघायचे आणि तलावाच्या गणपती घाटावर जाऊन बसायचे. घरी आल्यावर आईला म्हणायचे, "मला जमलं नाही." मिल चालवायला त्यांना कुणी सांगितलं होतं? मिल बुडाली ती मशिनरी न बदलल्यानं, व्यवस्थापनानं, यंत्रमागाच्या स्पर्धेनं, सरकारी धोरणानं. ज्यांनी ती चालवली त्यांची जबाबदारी कंपनीच्या पाटीवरच लिहिलेली होती: लिमिटेड. भागधारकाचा भाग गेला की विषय संपला. माझ्या वडिलांची जबाबदारी मात्र अमर्यादित निघाली. दुसऱ्याचं अपयश त्यांनी मरेपर्यंत स्वतःच्या नावावर वाहिलं. एकवीस महिने शटर वर ठेवणारा मी त्यांचाच मुलगा, हे लक्षात यायला मला फार वेळ लागला.

धोका पत्करणाऱ्याचं नुकसान एका मर्यादेत अडवावं, बाकी आयुष्य त्याला मोकळं ठेवावं, ही युक्ती व्यापाराला दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिच्या जोरावर गिरण्या, रेल्वे, कारखाने उभे राहिले. मोठ्या कंपनीचं कर्ज बुडालं की बँका आजही रीतसर न्यायाधिकरणापुढे जाऊन त्यातला मोठा वाटा सोडून देतात. त्याला बाजाराच्या भाषेत 'हेअरकट' म्हणतात. आठ माग घालून बसलेल्या आमच्या पूर्व भागातल्या कारखानदाराच्या वाट्याला मुंडण येतं. सुताचा भाव वर गेला, चादरीचा खाली आला, माग किलोवर भंगारात गेले, तरी कर्ज त्याच्या नावावर, घर गहाण, बायकोचे दागिने सोसायटीत. त्याला 'अपयशाला कवटाळ' म्हणून सांगायला जाणाऱ्यानं आधी आपल्या घराचा उतारा दाखवावा.

यावर आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. देणं असं सुटायला लागलं तर लबाडांचं फावेल. आणि ज्याचे पैसे बुडाले तो काय सगळा टाटा-बिर्ला असतो? माझंच उदाहरण. मी कागदाच्या व्यापाऱ्याचं १,४०,००० रुपये देणं लागत होतो. तोही माझ्यासारखाच, एका गाळ्यात बसणारा माणूस, वयानं पंधरा वर्षांनी मोठा. बंद केल्यावर त्याच्याकडे गेलो, पायरीवरच उभा राहिलो. तो बराच वेळ वही चाळत बसला. मग म्हणाला, "पैशाचं बघू नंतर. दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतंस तर मी माल द्यायचा थांबलो असतो की. तुझंबी वाचलं असतं, माझंबी." त्याचं बुडालेलं बहुतेक देणं शेवटच्या दीड वर्षातलं होतं.

लबाडीच्या आक्षेपाला माझ्याकडे असलेलं उत्तर हे त्याचं वाक्य आहे. मी लबाड नव्हतो, लाजत होतो, पण त्याच्या वहीत दोन्हीचा आकडा सारखाच पडला. हरलो हे लवकर बोलता येत नाही, तेव्हा माणूस उधारी वाढवत जातो, आणि ती वाढते नेमकी आपल्यासारख्याच लहान माणसांची. लबाडाला तर कसलीच मुभा लागत नाही; तो रात्रीत गाळा रिकामा करून पसार होतो. नादारीच्या कायद्यात मालमत्ता लपवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, ती कडक ठेवा, तपासणी नीट करा. त्या व्यापाऱ्याचे पैसे मी अजून फेडतोय, महिन्याला दोन हजार. हे मोठेपणासाठी सांगत नाही. फेडायचं ओझं आणि लपवायचं ओझं यांत पहिलं किती हलकं असतं, हे मला आता वजन करून माहीत आहे.

बाजारातून आता शाळेकडे वळतो, कारण हरल्याचं लपवायचं शिक्षण तिथून सुरू होतं. मी दहावीला गणितासाठी ऑक्टोबरला बसलेला आहे. आमच्या वेळी मार्चमध्ये गेला तो ऑक्टोबरला बसे, निकाल हाती येईपर्यंत अकरावीचे प्रवेश कधीच होऊन गेलेले असत आणि वर्ष वाया जाई. सोबतचे पुढे गेलेले, आपण रस्त्यावर. मधल्या काळात आपल्याकडे दोन सुधारणा झाल्या. एक म्हणजे गुणपत्रिकेवरून 'अनुत्तीर्ण' हा शब्द गेला, त्याऐवजी 'कौशल्य विकासास पात्र' असे शेरे आले. दुसरी म्हणजे २०१५ पासून नापास झालेल्यांची परीक्षा त्याच वर्षी जुलैत व्हायला लागली, त्यामुळे वर्ष वाचू लागलं. पहिल्या सुधारणेची चर्चा खूप झाली. माझ्या मते ती कुचकामी आहे. तो शेरा मिळालेल्या पोराला गल्लीत नापासच म्हणतात, वर 'पात्र' म्हणून खिजवतात. दुसरीनं मात्र हजारो पोरांची वर्षं वाचवली आणि तिच्यावर कुणी लेख लिहिला नाही. शब्द मऊ करणं सोपं असतं. खर्च कमी करायला वेळापत्रक बदलावं लागतं, पेपर तपासणाऱ्यांना लगेच पुन्हा कामाला लावावं लागतं.

आणि मग स्पर्धा परीक्षा. माझा भाचा बार्शीचा. पदवी झाल्यावर पुण्याला गेला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिला, अभ्यासिका लावली. याला आता सात वर्षं झाली. दोनदा पूर्व परीक्षा निघाली, एकदा मुख्य तीन मार्कांनी गेली. दिवाळीला घरी आला की पंगतीत कुणीतरी विचारतंच, "काय रे, निघाली का पोस्ट?" मागच्या वर्षी तो दिवाळीला आलाच नाही. फोनवर म्हणाला, "एक शेवटचा अटेम्प्ट, मामा." हे वाक्य मी ओळखतो. ती माझी उदबत्ती आहे.

इथे माझं मत अनेकांना पटणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य लोकसेवा आयोगानं जाहीर केलं होतं की खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला जास्तीत जास्त सहा संधी मिळतील. केंद्राच्या परीक्षेला अशी मर्यादा पूर्वीपासून आहे. पोरांनी विरोध केला आणि पुढे आयोगानं तो निर्णय मागे घेतला. आज वयाची अट तेवढी उरली, खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला कळतं: जाहिराती वेळेवर निघत नाहीत, परीक्षा लांबतात, मग संधी मोजण्याचा हक्क आयोगाला कुणी दिला? बरोबर आहे, आधी वेळापत्रक पाळा. पण ते पाळलं गेलं तर मला मर्यादा हवी आहे. पोरांना अडवण्यासाठी नको, घरी सांगायला एक कारण मिळावं म्हणून. 'मी सोडलं' हे वाक्य बापापुढे उच्चारता येत नाही. 'संधी संपल्या' हे येतं. अठ्ठाविसाव्या वर्षी सुटलेला पोरगा धंदा करेल, शिकवेल, शेती बघेल. अडतिसाव्या वर्षी सुटलेल्याचं तेवढं सोपं नसतं. माझ्यावर उलटा आरोप होऊ शकतो की स्वातंत्र्याच्या नावाखाली मी बंधन मागतो आहे. होय, मागतो आहे. आमच्या घरांमध्ये सोडण्याची परवानगी आतून मिळत नाही, ती बाहेरून आणावी लागते, एवढाच माझा बचाव.

एक गोष्ट आजही हाताशी आहे आणि फुकट आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात मोफत वकील मिळू शकतो, आणि स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न घालता. बिडी वळणारी बाई हप्त्यांच्या चक्रात अडकली तर तिनं तिथे जावं, तिच्या कर्जाचा कागद कुणीतरी वाचून द्यावा, व्याज आणि मुद्दल वेगळं करून दाखवावं. १८७९ मध्ये न्यायाधीशानं करायचं ठरलं होतं तेच काम. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक टेबल, दोन खुर्च्या आणि तेलुगू येणारं माणूस लागतं.

टेबलावरून सांगतो. मी आता कोर्टाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात मराठी टायपिंग करतो. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज. तिन्ही भाषा वाचता येतात, म्हणून तेलुगू किंवा कानडी कागदाचा मजकूर समजावून घ्यायलाही लोक येतात. बरं चाललंय, आणि हे 'बरं चाललंय' खरं आहे. इतक्या वर्षांत नादारीचा अर्ज माझ्याकडे टाइपाला एकदाच आला. पन्नाशीचा माणूस होता, वकिलानं पेनानं लिहून दिलेलं कच्चं टिपण घेऊन आला होता. देणेकऱ्यांची यादी मी टाइप करत असताना तो पाठमोरा, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. तीन प्रती काढून दिल्या. पैसे देताना त्यानं हळूच विचारलं, "फाईल काढून टाकाल का मशीनमधनं?"

मी त्याच्यासमोर काढून टाकली. तो वळला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"ते रिसायकल बिन असतंय ना," म्हणाला, "त्यातनंबी."